वॉकीटॉकीचे नंबर बदलू नका

भुसावळजवळ तापीकाठी केळीचे मळे आहेत. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने वॉकीटॉकीची जोडी आणली. एक संच घरी, एक मळ्यात. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. सोय झाली, पण आवाज लांब पोचेना. तो मला म्हणाला, "गुरुजी, शहरात एक जण संगणकाला वायर लावून यातले नंबर बदलून देतो. ताकदही वाढवतो म्हणे."

मी म्हटले, "थांब बाबा. आधी ऐकून घे."

हे नंबर म्हणजे वारंवारिता. रेडिओची लहर एका सेकंदात किती हेलकावे घेते, त्याची ती मोजणी. शेताला गट नंबर असतो ना, तसेच हे. पोलिसांचा गट वेगळा, रेल्वेचा वेगळा. सरकारने 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा सर्वांसाठी मोकळा ठेवला आहे. तिथे कमी ताकदीचा, सरकारमान्य नमुन्याचा संच विनापरवाना चालतो. नंबर बदलले की तोच संच दुसऱ्याच्या गटात घुसतो.

मग काय बिघडतं? ऐका. एका वारंवारितेवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे बोलले तर घरघर होते, नाहीतर जोरकस संच दुसऱ्याला दाबून टाकतो. रेल्वेत गार्ड आणि ड्रायव्हर वॉकीटॉकीवर बोलतात. तिकडे कोणी "थांबा" म्हणतो आहे आणि त्याच वेळी आपला पोरगा मळ्यातून "डबा पाठव" म्हणतो आहे, तर? खिशात बटण दाबलेले राहिले, तर सगळी वाटच बंद.

कायदा जुना आहे. पूर्वी नुसत्या ऐकण्याच्या रेडिओलाही पोस्टातून लायसन काढावे लागे, म्हाताऱ्यांना आठवत असेल. ते गेले. बोलण्याच्या संचाचे गेले नाही. 1933 च्या कायद्यात असा संच विनापरवाना नुसता जवळ बाळगला तरी तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही परवानगीची अट ठेवली. मे 2025 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांसाठीही नियम निघाले. संचाची वारंवारिता आणि परवाना लागतो की नाही, हे त्यांनी सांगितले पाहिजे. घेताना विचाराच.

ज्याला रेडिओत हात घालायची हौसच आहे, त्याने सरकारी परीक्षा देऊन हॅमचा परवाना घ्यावा. 1993 साली किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशा हौशी लोकांनी निरोप पोचवायला मदत केली होती.

त्या मुलाने नंबर बदलले नाहीत. केळीची ओली पाने लहर अडवतात, हे त्याला सांगितले. आता तो मळ्यातल्या मचाणावर चढून बोलतो. घरी आईला ऐकू येते.