जुन्या गाडीचा ब्रेक : साधा की पॉवरचा?

मुंबई, प्रतिनिधी : काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खासगी मालकीच्या जुन्या फियाट आणि ॲम्बेसिडर मात्र आजही हौसेने जपल्या जातात. नव्या मोटारीची सवय झालेल्या चालकाला अशा गाडीत पहिली अडचण जाणवते ती ब्रेकची. पेडलवर पाय चांगलाच रेटावा लागतो. मग ‘बूस्टर बसवून घ्या’ असा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बूस्टरमुळे पायाचे श्रम वाचतात. गाडी थांबण्याचे अंतर आपोआप कमी होत नाही.

जोर येतो कुठून?

साध्या ब्रेकमध्ये पेडल ही एक तरफ असते. तिचे प्रमाण सहास एक असेल, तर पायाने दिलेला २० किलोचा जोर मास्टर सिलिंडरवर १२० किलो होऊन पडतो. तेथून ब्रेक ऑइल तो दाब चारही चाकांकडे नेते. शिवाय फिरणारा ड्रम पुढच्या बाजूच्या ब्रेक शूला आपल्याकडे खेचून घेतो आणि पकड आणखी वाढते. म्हणूनच चारही चाकांना ड्रम असलेल्या लहान गाड्या वर्षानुवर्षे बूस्टरविना चालल्या.

पॉवर ब्रेकमध्ये पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये पत्र्याचा गोल डबा असतो. त्यातील पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन खेचून घेते. पेडल दाबताच एका बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. पडदा २० सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर सुमारे १९० किलोपर्यंत जोर मिळू शकतो. डिस्क ब्रेकमध्ये ड्रमसारखी स्वतःहून खेचून घेण्याची क्रिया नसते. त्यामुळे डिस्क आणि बूस्टर सहसा जोडीनेच येतात.

घाटातील कसोटी

ड्रमचा खरा शत्रू उष्णता. खंडाळ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, तर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि लायनरची पकड सुटू लागते. तापलेले लायनर बूस्टर अधिक जोराने दाबेल. गेलेली पकड परत आणणार नाही. तेथे खालचा गिअर किंवा उघड्या हवेत थंड होणारी डिस्कच उपयोगी पडते.

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय तर अधिकच घातक. इंजिन थांबले की बूस्टरमधील साठा दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरतो. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. पॉवर ब्रेकच्या पेडलची तरफ बहुधा आखूड, चारास एकच्या आसपास असल्याने ते साध्या ब्रेकपेक्षाही जड लागते.

आधी दुरुस्ती

अनेकदा ‘जड ब्रेक’चे कारण अडकलेला व्हील सिलिंडर, तेलकट लायनर किंवा आतून फुगलेला रबरी होज हे असते. ब्रेक ऑइल ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. त्यामुळे ते ठरावीक काळाने बदलावेच लागते. जुन्या एकेरी मास्टर सिलिंडरमध्ये एका चाकाशी गळती झाली, तरी चारही ब्रेक जाऊ शकतात. दुहेरी सिलिंडर बसवणे हे सुरक्षेच्या दृष्टीने बूस्टरपेक्षा महत्त्वाचे.

बूस्टर घ्यायचाच असेल, तर मास्टर सिलिंडरचा व्यास आणि पेडलचे प्रमाण त्याला जुळणारे हवे. नाहीतर हलक्या स्पर्शानेही चाके जाम होतात आणि पावसात गाडी घसरते. झिजलेले इंजिन पुरेशी निर्वात पोकळी देत नाही. डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीला त्यासाठी वेगळा पंप लागतो.

निवड वापरावर

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातील असावी लागते. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शनापुरत्या बाहेर पडणाऱ्या गाडीला नीट राखलेला मूळ ब्रेक पुरेसा आहे. शहराच्या गर्दीत नेहमी चालणाऱ्या किंवा गुडघेदुखी असलेल्या मालकाच्या गाडीला पुढच्या चाकांना डिस्क, दुहेरी सिलिंडर आणि बूस्टर असा पूर्ण संच बसवणे योग्य. एकटा बूस्टर बसवणे म्हणजे पायाला आराम आणि मनाला खोटा दिलासा.