पिकअपच्या हौद्यात काय अंथरावे?



आपल्या कार्यक्षेत्रात पिकअप गाड्या आता वाडीवस्तीवर दिसतात. गळिताचा ऊस ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाडीने येतो; पण बेणे, खताच्या गोण्या, प्रेसमड, पेंड, दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट, रिवाइंडिंगला न्यायची मोटार, ही बारमाही ओझी पिकअपच वाहते. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. इंजिनाचे ऑइल आपण वेळेवर बदलतो, टायरही बघतो. हौद्याकडे मात्र पत्र्याला भोक पडेपर्यंत लक्ष जात नाही. मग हप्ते फिटायच्या आतच नवा तळ टाकायची पाळी येते, आणि गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक हौदा ठोकून बघून किंमत पाडते. म्हणून हौद्यासाठी मॅट किंवा अस्तर घेताना काय पाहावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पत्रा का सडतो?

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज चढतो. त्यात क्षार मिसळले की गंजाचा वेग वाढतो. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात निम्म्याच्या जवळपास क्लोराइड असते. मिठातही क्लोराइडच असते आणि ते पत्र्याचे वैरी आहे. फुटक्या गोणीतून सांडलेले खत हवेतला ओलावा ओढून घेते व पत्र्यावर खारट चिखल होतो. बेण्याच्या कांड्यांतून गळलेला रस आणि सांडलेले दूध आंबते, त्याचे आम्ल तयार होते. त्याआधी अवजारांच्या घासण्याने रंग निघालेलाच असतो. म्हणजे मार दोन बाजूंनी आहे. वरून ओरखडा पडतो, तर खालून ओल सडवते.

मॅट ओरखडा थांबवते, पण ओल थांबवत नाही. उलट खाली शिरलेले पाणी ती धरून ठेवते. मॅट टाकली म्हणजे पत्र्याची काळजी मिटली, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. काळजी फक्त झाकली जाते. तेव्हा घेण्यापूर्वी पहिला प्रश्न हा विचारावा : ही वस्तू घरच्या दोन माणसांना उचलून खालचा पत्रा धुता येईल का?

बाजारात मिळणारे प्रकार

१. रबरी मॅट : आपल्या मिश्र कामाला हीच सोयीची. कॅन व क्रेट घसरत नाहीत, आपट बसत नाही. ९ फूट लांब व साडेपाच फूट रुंद हौद्याला ६ मिलिमीटर जाडीची मॅट साधारण ३५ ते ४० किलो भरते, १० मिलिमीटरची ६० ते ६५ किलो. नुसते क्रेट व गोण्यांसाठी ६ मिलिमीटर पुरते. मोटार, पाइप, बॅरल असेल तर १० घ्यावी. अखंड तुकड्यापेक्षा दोन तुकडे बरे, उचलायला सोपे जातात. खालच्या बाजूला खाचा असलेली मॅट निवडावी, म्हणजे पाण्याला वाट राहते. घेताना मॅटवर ओला पांढरा फडका घासून बघा. फडका काळा झाला तर तोच काळेपणा उद्या भाजीला लागणार.

२. प्लॅस्टिकचे तयार अस्तर : हौद्याच्या आकाराची परात असावी तसे हे आत बसते. वजनाला हलके व धुवायला सोपे. दोष दोन. वर माल घसरतो. आणि अस्तर व पत्रा यांमध्ये वाळू शिरली की गाडीच्या हादऱ्याने ती पॉलिश पेपरसारखी रंग खाते. वरून सगळे चकचकीत दिसते, आत पत्रा लाल झालेला असतो.

३. फवाऱ्याचे अस्तर : पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया जातीचा जाड थर पत्र्यावरच मारतात. तो घट्ट चिकटत असल्याने खाली पाणी जायला जागा राहत नाही. खर्च जास्त येतो आणि सगळी मदार पूर्वतयारीवर असते. गंज पूर्ण खरवडून, तेलकटपणा काढून, पत्रा कोरडा करून मारले तर टिकते. गंजावर मारले तर आतून फुगून पापुद्रे निघतात. त्यामुळे हे काम नव्या गाडीलाच शोभते.

४. चेकर्ड प्लेट : दगड-विटा किंवा लोखंडी माल नेणाऱ्यास उपयोगी. पण ३ मिलिमीटरची लोखंडी प्लेट एवढ्या हौद्याला सुमारे ११५ किलो भरते. म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या अडीच गोण्या प्रत्येक खेपेला फुकट वाहायच्या. गाडीचे पासिंग तेवढेच राहते, माल तेवढा कमी भरावा लागतो. शिवाय प्लेट बोल्टने आवळलेली असल्याने ती काढून खाली धुणे होत नाही.

जुने इंजिन ऑइल हौद्याला फासायची रीत काही ठिकाणी आहे, ती सोडावी. त्याने माल घसरतो, भाजी व पेंड खराब होते आणि रबर फुगून मऊ पडते.

दोन गोष्टी जिवाशी खेळणाऱ्या

पहिली, औषधांची. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे कीटकनाशके अन्नधान्याच्या किंवा पशुखाद्याच्या थेट संपर्कात येतील अशी नेता वा ठेवता येत नाहीत. औषध मॅटच्या खाचांत व जोडात मुरते आणि वरवर पुसून जात नाही. सकाळी तणनाशकाचा कॅन सांडला आणि दुपारी त्याच मॅटवर पेंड टाकली, असे होऊ देऊ नका. औषधांसाठी काठ असलेला वेगळा प्लॅस्टिकचा टब ठेवावा. मॅटवर औषध सांडलेच, तर त्या मॅटवर पुन्हा खाण्याचा माल ठेवू नये.

दुसरी, पेट्रोलची. ग्रास कटर व फवारणी पंपासाठी कॅनमधून पेट्रोल आणले जाते. प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवलेला कॅन जमिनीपासून तुटलेला असतो. भरताना तयार होणारी स्थिर वीज निघून जायला वाट मिळत नाही आणि ठिणगी पडू शकते. अमेरिकेत अशा आगी लागल्यावर तेथील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ साली याबद्दल इशारा दिला होता. उपाय साधा आहे. मंजूर प्रकारचाच कॅन वापरा, तो गाडीतून खाली जमिनीवर ठेवा, नळीचे तोंड कॅनच्या तोंडाला टेकवून सावकाश भरा. हौद्यात ठेवून कधीही भरू नका.

निगा कशी ठेवावी?

मॅट टाकण्यापूर्वी पत्रा खरवडून रेड ऑक्साइड व वर रंग द्यावा. माप फाळका लावून आतून घ्यावे व चारी बाजूंनी अर्धा इंच जागा सोडावी. पाणी निघायची भोके बुजवू नयेत. नवे भोक पाडावेच लागले तर त्याच्या कडेला लगेच रंग लावावा. खताची खेप झाली की त्याच दिवशी मॅट उचलून दोन्ही बाजू व पत्रा साध्या पाण्याने धुवावा, गाडी उतारावर लावून पाणी काढावे आणि पत्रा पूर्ण वाळल्यावरच मॅट परत टाकावी. इतर दिवसांत पंधरवड्यातून एकदा तरी उचलून बघावे. पावसाळ्यात दर आठवड्याला बघितले तर उत्तमच. ओली ताडपत्री घडी करून हौद्यात ठेवू नये.

थोडक्यात, मिश्र मालाला दोन तुकड्यांची रबरी मॅट, नव्या गाडीला ऐपत असेल तर फवाऱ्याचे अस्तर, आणि जड दगडी मालालाच प्लेट. यांतले काहीही घेतले तरी बादलीभर पाणी आणि तासभर ऊन याला पर्याय नाही. गोठा आपण रोज झाडतो, हौद्यालाही तेवढे अगत्य दाखवावे. सभासदांनी या हंगामाची धावपळ सुरू होण्यापूर्वी एकदा आपल्या गाडीची मॅट उचलून खाली बघावे, एवढीच आमची विनंती.