पाणी कुठे मुरतंय?

मे महिन्यात आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर बोनेट वर करून उभी असलेली गाडी दिसली नाही, असा दिवस विरळाच. सुमारे शंभर किलोमीटरचा हा पट्टा, मध्ये मोजकी गावे. दोन्ही बाजूंना जंगल आहे खरे, पण ऐन उन्हाळ्यात सागाला पान नसते, त्यामुळे सावलीही नाही. चालकाचे म्हणणे एकच असते : ‘हिवाळ्यात तर गाडी ठणठणीत होती.’ त्याचे म्हणणे खरे असते.

रेडिएटर पाण्यातली उष्णता हवेला देतो, आणि ती किती द्यायची हे पाणी व हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. इंजिनातले पाणी 95 अंशांवर आणि बाहेरची हवा 25 अंशांवर असेल तर हा फरक 70 अंशांचा. अहेरीच्या मे महिन्यात हवाच 45 अंशांवर जाते; फरक उरतो 50 अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता टाकण्याची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटली. हिवाळ्यात अर्धी बुजलेली जाळी किंवा थोडे कमी पडलेले पाणी खपून जाते, मे महिन्यात खपत नाही.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. ताशी सहा लिटर डिझेल पिणाऱ्या इंजिनात सुमारे 60 किलोवॉट ऊर्जा मोकळी होते. ढोबळमानाने तिचा एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला पाण्यात उतरतो. दोन किलोवॉटचे दहा गिझर एकदम चालू ठेवावेत, इतकी उष्णता ते पाच-सात लिटर पाणी सतत वाहून नेत असते. त्यातले दोन लिटर कमी झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा तापमानाच्या मोठ्या टप्प्यात मुद्दामच मधोमध स्थिर ठेवलेला असतो. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. याहून घातक गोष्ट अशी की, तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी संपून तो उघडा पडला की काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटते गाडी थंड झाली, तो ती दामटतो आणि इंजिन सीझ होते.

चांगला मिस्त्री आधी विचारतो, गाडी गरम केव्हा होते? चौकात उभी असताना गरम होऊन रस्त्याला लागली की निवत असेल तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज पाहायचा. वेगात गाडीला वाऱ्याचा आधार मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोणी नाही. उलट वेगात किंवा चढावर भरल्या गाडीनिशी गरम होत असेल तर रेडिएटरची जाळी, आतला गाळ, वॉटर पंप यांच्याकडे वळायचे. आलापल्ली-एटापल्ली भागात सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे उडणारी लाल धूळ जाळीत बसते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पात्या वाकतात आणि हवेची वाटच बंद होते.

आता मुख्य प्रश्न. गाडीखाली थेंब नाही, तरी दर आठवड्याला पाणी कमी. बहुतेक जण वरून पाणी ओततात आणि विषय संपवतात. पण ही यंत्रणा बंद आहे, तिच्यातले पाणी आपोआप संपत नाही.

बारीक गळती दिसत नाही, कारण थेंब तापलेल्या धातूवर पडताच वाळतो. मागे उरतो तो पांढरा, हिरवा किंवा गुलाबी खरपुडा. इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तो शोधावा. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील खराब झाले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावे, यासाठी ते असते. त्या छिद्राखाली रंगीत ओघळ दिसला तर पंप लवकरच जाणार. काही मिस्त्री गळती थांबवायची म्हणून ते छिद्रच बुजवतात. तसे मुळीच करू देऊ नका.

पुढची जागा रेडिएटरची. हल्लीच्या रेडिएटरला वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना प्लास्टिकची टाकी असते आणि ती ॲल्युमिनियमच्या जाळीला रबरी सील लावून दाबून बसवलेली असते. उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होते आणि खड्ड्यांचे हादरे नेमके त्या सांध्यावर बसतात. काही गळत्या इंजिन गरम असताना दाबाखालीच उघडतात. काही थंडीतच गळतात, कारण होज पाइप आकसून क्लॅम्प सैल पडतो. अशा वेळी सकाळी तपासणे आणि दुपारी तपासणे यांची उत्तरे वेगळी येतात. केबिनमध्ये गोडसर वास, पायाखालची मॅट ओली, काचेवर तेलकट धुके अशी लक्षणे असतील तर हीटरची छोटी जाळी गळते आहे. ती डॅशबोर्डच्या आत असल्याने सहसा कोणी पाहत नाही.

रेडिएटरचे झाकणही दुर्लक्षित राहते. ते आत सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब धरते, त्यामुळे साधे पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले की पाणी लवकर उकळते आणि वाफ होऊन उडते. याच कारणाने गरम इंजिनाचे झाकण उघडणे जीवघेणे ठरते. 120 अंशांवरच्या पाण्याचा दाब अचानक सुटला तर दर लिटरमागे साठेक लिटर वाफ क्षणात तयार होते, आणि ती उरलेले उकळते पाणी तोंडावर फेकते.

सगळ्यात खर्चिक वाट हेड गॅस्केटची. तिथून पाणी सिलिंडरमध्ये जाऊन सायलेन्सरमधून पांढरी वाफ बनून निघते किंवा ऑइलमध्ये मिसळून त्याचा दुधट चहा करते. थंड इंजिन सुरू करताच मिनिटाभरात होज पाइप दगडासारखा कडक होत असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. याची खात्री करणारी चाचणी स्वस्त आहे. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा निळ्या द्रावणातून ओढतात. तीत जळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रावण पिवळे पडते. बाहेरच्या गळतीसाठी हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा थंड यंत्रणेत भरून पंधरा मिनिटे काटा पाहायचा. काटा उतरला की गळती नक्की. तरीही जागा सापडली नाही तर कुलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील टॉर्चने शोधायची.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. त्यातले मेण साधारण 82 ते 88 अंशांना वितळून पाण्याची वाट उघडते. तो काढल्यास इंजिन वेळेवर तापत नाही, ऑइल लवकर खराब होते आणि मूळ दोष झाकला जातो. बोअरचे जड पाणी कायम भरत राहिल्यास आत क्षारांचा थर साचतो. त्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात योग्य कुलंट वापरावे. कुलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक असते. कुत्री, शेळ्या ते चाटतात आणि दगावतात. जुने कुलंट नाल्यात किंवा गॅरेजच्या अंगणात ओतू नका.

रस्त्यात गाडी गरम झालीच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, बाजूला थांबा आणि इंजिन निवू द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. इथे मदत यायला तास-तास लागतात, त्यामुळे खरी तपासणी निघण्याआधीच व्हायला हवी. सकाळी थंड इंजिनावर टाकीतली पातळी पाहा आणि तिथे पेनाने खूण करा. आठवड्यात ती खाली गेली तर नुसते पाणी भरून सिरोंच्याचा किंवा भामरागडचा रस्ता धरू नका; आधी गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या.