खेप, चढ आणि ॲव्हरेज

मुलुंडला आमच्या काकांच्या टेम्पोत, गणपतीच्या फोटोमागे, एक वही खोचलेली असायची. दोनशे पानी, कडा तेलाने काळपट झालेल्या. आत पेन्सिलीने आखलेले चार रकाने : तारीख, किलोमीटर, लिटर आणि वजन. पहिले तीन कुठलाही टेम्पोवाला ठेवतो. चौथा काकांचा स्वतःचा. कुणी विचारलं, गाडी ॲव्हरेज किती देते, की काका उलट विचारायचे, "किती घेऊन?" रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज ते धरतच नसत. रिकाम्या गाडीला भाडं मिळत नाही, एवढं साधं कारण त्यामागे होतं.

उपनगरांतल्या मालवाहू गाड्यांच्या साठ-पासष्ट वर्षांकडे मागे वळून बघायचं तर त्या चौथ्या रकान्यातूनच बघावं, असं मला वाटतं.

सुरुवात गोरेगावची. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो कंपनी काढली आणि जर्मनीच्या विडाल अँड सोन कंपनीच्या सहकार्याने 'हॅन्सिएट' ही तीनचाकी मालगाडी गोरेगावात बनू लागली. कारखाना पुढे आकुर्डीला गेला, कंपनी २००५ साली फोर्स मोटर्स झाली, पण 'टेम्पो' हा शब्द मराठीने ठेवून घेतला. आज कुठल्याही कंपनीची गाडी असो, घर बदलताना आपण 'टेम्पो'च बोलावतो. हॅन्सिएटचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकावर बसलेलं, आणि गाडी ओढायचं तेच चाक. सपाटीवर ठीक. पण मागे माल भरून चढाला लागलं की सगळा भार मागच्या दोन चाकांवर जायचा, पुढचं चाक हलकं व्हायचं आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरायचं. वजन आणि इंधन यांचं भांडण उपनगरातल्या पहिल्या टेम्पोपासूनच असं सुरू होतं.

तिथून थोडं उत्तरेला, कांदिवली पूर्वेच्या आकुर्ली रस्त्यावर महिंद्रचा कारखाना. १९६३ साली महिंद्रने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचे ट्रॅक्टर इथले. ओढण्याचं गणित समजून घ्यायला ट्रॅक्टर फार चांगला. त्याचं इंजिन काही राक्षसी नसतं. तो इंजिनाच्या पुष्कळ फेऱ्या खर्च करून चाक थोडंसं फिरवतो. वेग जातो, जोर येतो. मालगाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये हेच काम क्राउन-पिनियन करतं. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या पाच फेऱ्यांना चाकाची एक फेरी असेल तर गाडी चढाला दम देते, पण सपाट हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहतं आणि डिझेल पितं. चार फेऱ्यांना एक असेल तर हायवेवर इंजिन निवांत, चढाला मात्र जीव जातो.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. नव्वदच्या दशकात काकांनी ॲव्हरेज वाढवायचं मनावर घेतलं आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवरून कमी फेऱ्यांचा जुना क्राउन-पिनियन आणून बदलून घेतला. वहीत पुढचे दोन महिने बघण्यासारखे आहेत. भिवंडीच्या खेपांना लिटरमागे जवळजवळ दीड किलोमीटर वाढला. मग नाशिकचं भाडं आलं. कसाऱ्यात, माल भरलेला असताना, गाडी दुसऱ्या गियरवर मरायला लागली. पहिल्यावर घेऊन, क्लच अर्धा दाबत काका वर पोचले, तोवर केबिनमध्ये जळक्या क्लच प्लेटचा वास भरला होता. त्या तारखेपुढे लिटरचा आकडा नाही. नुसतं लिहिलंय, 'क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मजुरी'. दोन महिन्यांत वाचलेलं डिझेल एका घाटात गेलं. आधीचा पिनियन परत बसला.

त्या काळात इंजिनापेक्षा रस्ता जास्त डिझेल पीत होता, हेही वहीत दिसतं. मुलुंडचा आणि दहिसरचा जकात नाका. रांगेत दहा फूट पुढे, थांबा, परत दहा फूट. मालाने भरलेली गाडी जागेवरून हलवायलाच सगळ्यात जास्त ताकद लागते, आणि नाक्यावर ती शंभर वेळा हलवावी लागे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा गेली. काका तेव्हा गाडी चालवत नव्हते, पण बातमी ऐकून त्यांनी वही काढायला लावली आणि नाक्याच्या दिवसांचे आकडे बोट ठेवून दाखवले.

थोडं मागे जायचं तर, १९८६ साली टाटाचा ४०७ आला तेव्हा लालबहादूर शास्त्री मार्गावर अजून कारखान्यांची धडधड होती. भांडुप-मुलुंडच्या शेडमधून लोखंड, पाइप, मोटारींचे सुटे भाग निघत. माल जड, आकाराने लहान. हौदा अर्धा भरायच्या आत स्प्रिंगचे पाटे सपाट व्हायचे. मग पाट्यांत आणखी एक-दोन पट्ट्या घालून घेणं हा रिवाजच. पण पाटे वाढवल्याने इंजिन, ब्रेक आणि टायर वाढत नाहीत. ओव्हरलोडचा राग मला टेम्पोवाल्यावर कधी आला नाही. भाडं खेपेवर ठरतं, डिझेल त्याच्या खिशातून जातं, आणि माल देणारा 'एवढे दोन नग टाक रे' म्हणतो. दुसरी खेप करणं त्याला परवडत नसतं.

मे २००५ मध्ये टाटा एस आला आणि हा हिशेब मुळापासून हलला. इंडिकाचं चार सिलिंडरचं इंजिन अर्धं करावं तसं दोन सिलिंडरचं ७०२ सीसी डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती, पाऊण टन माल. लोकांनी त्याला 'छोटा हाथी' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. साकीनाक्याच्या आणि असल्फाच्या गल्ल्यांत जिथे मोठा टेम्पो वळायचाच नाही, तिथे हा दुकानाच्या दारात उभा राहू लागला. काकांचा मुलगा, आमचा दादा, त्याच्यावर भाळला. काकांनी मात्र वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. समजा, पाऊण टनवाली भरलेली असताना लिटरला १८ किलोमीटर देते आणि पावणेदोन टनांच्या आसपास नेणारी पिकअप १२ देते. एक लिटरमध्ये छोटीने साडेतेरा टन-किलोमीटर काम केलं, मोठीने वीसच्या वर. म्हणजे कमी ॲव्हरेज देणारी गाडी जास्त किफायती. पण हे हौदा भरलेला असेल तरच. अर्धाच टन माल न्यायचा तर मोठी गाडी स्वतःचंच ओझं वाहते आणि छोटी जिंकते. कंपन्यांच्या पत्रकांत ॲव्हरेजचा आकडा ठळक असतो, किती वजनावर ते बहुधा नसतं. ते छापलं पाहिजे. १ एप्रिल २०१७ पासून सरकारने इंधनवापराची सरासरी मर्यादा घातली तीही प्रवासी मोटारींना. सगळ्यात जास्त फिरणारी आणि सगळ्यात गरीब मालकाची गाडी त्याबाहेर राहिली.

अमेरिकेत तर याचं दुसरं टोक. तिथल्या हेवी-ड्यूटी पिकअप ट्रेलर ओढायला बनवलेल्या. त्यांतल्या २०१९ च्या रॅम ३५०० चा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १,३५० न्यूटन-मीटरच्या वर गेला आणि ओढायची क्षमता १६ टनांच्या घरात. इथल्या बोलेरो पिकअपचा टॉर्क दोनशेच्या आसपास. आणि तिथे भरलेलं कमाल वजन ८,५०० पौंडांवर, म्हणजे साधारण ३,८५० किलोंच्या वर गेलेल्या पिकअपना विक्रीच्या वेळी इंधनखपतीचं लेबल लावण्याची सक्तीच नाही. तिकडे गिऱ्हाइकाला ओढते किती ते दाखवतात आणि पिते किती ते झाकलेलं राहतं, इकडे उलट. दोन्हीकडे अर्धाच आकडा.

मग गॅस आला. महानगर गॅस कंपनी १९९५ पासूनची, आणि १९९९ च्या उच्च न्यायालयातल्या धुराच्या खटल्यामुळे टॅक्सी-रिक्षांना पुढे सीएनजीकडे वळावं लागलं. मालवाल्यांना मात्र कोर्टाने नाही, डिझेलच्या भावाने वळवलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोडला, आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत लिटरने शंभरी ओलांडली. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा कर साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. त्याच वर्षी दादाने सीएनजी पिकअप घेतली.

पहिल्याच पावसाळ्यात तिची परीक्षा झाली. असल्फाच्या टेकडीवर फरशा न्यायच्या होत्या, सव्वा टन. मी बरोबर होतो. गॅसवर इंजिन हवा कमी ओढतं, कारण हवेची काही जागा गॅस अडवतो, त्यामुळे जोर कमी. शिवाय पोलादी टाक्यांचं वजन : साठ लिटरची रिकामी टाकीच एका माणसाएवढी, आत मावतो दहा किलोच्या आसपास गॅस. तेवढी फरशी कमी भरायला हवी होती, ती कुणी भरली नाही. गाडी पहिल्या गियरवर चढत होती आणि आमचा क्लीनर लाकडी गुटका हातात धरून मागच्या चाकाच्या बरोबरीने चालत होता, थांबली की लगेच चाकामागे टाकायला. तीनदा टाकला. तिसऱ्यांदा तो चाकाखाली करकरला तेव्हा दादाने इंजिन बंद केलं, पंचवीस खोकी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि दोन खेपा केल्या. खाली आल्यावर तो म्हणाला, "बाबा असते तर आधीच दोन केल्या असत्या."

त्याआधी, १ एप्रिल २०२० पासून, गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे मानक आलं होतं. धूर कमी झाला, ते फार बरं झालं, घाटकोपरच्या रस्त्यालगत राहणाऱ्या कुणालाही विचारा. पण काही डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी गाळणी लागली, आणि ती जाळून साफ व्हायला गाडी जरा मोकळी पळावी लागते. मरोळ ते साकीनाका मुंगीच्या चालीने जाणाऱ्या गाडीला मोकळं पळायला मिळणार कुठे?

मालही बदलला. शास्त्री मार्गावरच्या शेडच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. आता अंधेरी-मुलुंडच्या गोदामांतून निघतात ती पुठ्ठ्याची खोकी. हौदा छतापर्यंत भरतो आणि वजन जेमतेम तीन-चारशे किलो. अशा मालाला टॉर्क नको, वारंवार थांबून निघायची सोय हवी. म्हणून विजेची तीनचाकी आणि मे २०२२ मध्ये आलेल्या एस ईव्हीसारख्या गाड्या इथे चालतात. विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण जोर देते, उतारावर थोडी वीज परतही घेते. पण फरशा, वाळू, नाशिकची भाजी यांचं वजन कुठे गेलेलं नाही. ते अजून डिझेल नाहीतर गॅसच वाहतो.

काकांची वही आता दादाकडे आहे. त्याने पाचवा रकाना आखलाय. गॅसच्या रांगेत गेलेला वेळ, मिनिटांत. मागच्या आठवड्यात मी ती चाळली, तर एका पहाटेपुढे ९५ मिनिटं लिहिलेली होती, आणि वजनाच्या रकान्यात त्या दिवशी ६०० किलो. मी विचारलं, एवढंच का भरलंस? म्हणाला, रांगेत उशीर झाला, गिऱ्हाइकाने अर्धा माल दुसऱ्या गाडीत घातला.