खसखशीचा काटेरी चुलतभाऊ

पोट्टेहो, हिवाळा सरत आला की अकोल्यात मोर्णेच्या काठाला, नाहीतर बडनेऱ्याकडच्या पडीत वावरात जरा नजर टाका. पिवळंधम्मक फूल, पतंगाच्या कागदासारख्या पातळ पाकळ्या आणि मधोमध लाल ठिपका. तोडायला हात घालाल तर खबरदार! पानाला काटे, खोडाला काटे, बोंडालाही काटे. धुऱ्यावर चरणारी गुरंसुद्धा याला टाळतात.

हा पिवळा धोत्रा. नाव धोत्र्याचं, पण धोत्र्याचा हा कुणीच लागत नाही. याचं खरं गणगोत आपल्या स्वयंपाकघरात आहे. दिवाळीच्या अनारशावर आई जी खसखस लावते ना, तिचा हा चुलतभाऊ! दोघंही अफूच्या कुळातले. खसखशीचं झाड मात्र आपल्याकडे शेतात दिसणार नाही. त्याच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक येतो आणि तो वाळला की अफू होते. म्हणून सरकारी परवान्याशिवाय ते लावताच येत नाही. परवाने मिळतात ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. आपल्या काटेरी भाऊसाहेबांचा चीक मात्र हळदीसारखा पिवळा असतो.

या घराण्यातली सोनेरी राजकन्या राहते दूर अमेरिकेत. कॅलिफोर्निया राज्यानं १९०३ साली तिला राज्यफूल केलं. तिला काटे नाहीत. रात्र झाली किंवा आभाळ आलं की ती पाकळ्या मिटून घेते.

आपला पिवळा धोत्राही मूळचा तिकडचाच, मेक्सिकोचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली त्याच्या शास्त्रीय नावातच मेक्सिको घालून ठेवला. इथे आला आणि न बोलावता राहिला. वर त्याचं बी हुबेहूब मोहरीसारखं! त्याच्या तेलात सँग्विनरीन नावाचं विष असतं. ते पोटात गेलं की बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पाय सुजतात. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात ही भेसळ झाली आणि साठहून जास्त माणसं दगावली.

पण चोर ओळखता येतो. मोठ्या माणसाला बोंड तोडायला सांगा आणि भिंगाखाली एक मोहरी नि एक धोत्र्याचं बी शेजारी ठेवा. मोहरी जवळजवळ गुळगुळीत दिसेल, तर बियावर खड्ड्याखड्ड्यांची जाळी. मग हात साबणानं धुवा. आणि हो, ती मोहरी आईच्या डब्यात परत टाकू नका!