पुढच्या स्टेशनाचे लोक

शहर आणि शेजार : लेखांक ९

वांद्र्याच्या रिक्षावाल्याला ‘माहीमला येणार का?’ असं विचारून पाहा. भाडं नाकारायची त्याची हौस एरवीची. इथे मात्र त्याच्याकडे खरोखरच कारण असतं. मुंबई बेटावर रिक्षाला परवानगीच नाही. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन, इथे तीन चाकांची हद्द संपते आणि काळी-पिवळी टॅक्सी सुरू होते. मधली खाडी ओलांडणारा माहीम कॉजवे १८४५ साली खुला झाला. लेडी आवाबाई जीजीभॉय यांनी त्यासाठी दीड लाखाच्या वर रुपये दिले आणि होडीने पलीकडे जायची पाळी संपली. खाडीवरून रस्ता झाला, हद्द मात्र राहिली.

मागच्या लेखांकात भाडेनियंत्रणाच्या कायद्याने चाळी कशा गोठल्या ते पाहिलं. त्या चाळींतून बाहेर पडलेली माणसं कुठे गेली, आणि मागे राहिलेल्यांनी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं, हे आज पाहू.

मुंबईतला तोरा रुळांवरून धावतो. मलबार हिलच्या माणसाला दादरच्या पुढेही मुंबई आहे हे ऐकून माहीत असतं. दादरकराला अंधेरी लांब वाटते. पार्लेकर स्वतःला उपनगरातला मानतच नाही. तो ‘पार्ल्यात’ राहतो, विषय संपला. मीरा रोड ठाणे जिल्ह्यात येतं याची आठवण करून द्यायला बोरिवलीकराला आवडतं आणि नालासोपाऱ्याचं नाव काढलं की मीरा रोडवाला हसतो. मध्य रेल्वेवर हीच उतरण मुलुंड, ठाणे, डोंबिवली, बदलापूर अशी लागते. शिवाय पश्चिम रेल्वेचे प्रवासी एकंदरच मध्य रेल्वेच्या प्रवाशांची कीव करतात, आणि हे दोघे मिळून हार्बरवाल्यांची. पाऊस जरा जोरात लागला की ही कीव उतू जाते.

मात्र प्रत्येकाला आपल्याहून खालचा सापडतो तो पुढच्या स्टेशनावर, आणि आपण स्वतः, किंवा आपले वडील, मागच्याच कुठल्यातरी स्टेशनावरून इथे आलो हे तो सोयीस्करपणे विसरतो. डोंबिवलीकराला ‘कुठे राहता?’ विचारा. विचारणारा कोल्हापूरचा असेल तर उत्तर ‘मुंबईला’. विचारणारा दादरचा असेल तर ‘डोंबिवली, ईस्टला, फडके रोडजवळ’. ईस्टवर जोर, कारण वेस्टपेक्षा आपण वेगळे हे दादरकराला कळायला हवं. दादरकराला अर्थात दोन्हींतला फरक कळत नाही.

ही नजर रेल्वेच्याही आधीची आहे. शहर म्हणजे फक्त कोट, म्हणजे आजचं फोर्ट, असा काळ होता. तटाबाहेर गिरगाव, भायखळा, परळ. भायखळ्याला आणि परळला साहेबांचे बंगले होते, खुद्द गव्हर्नर परळला राहायचा. १८६० च्या दशकात तट पाडला गेला. मग गिरण्या आल्या, धूर आला, आणि १८८० च्या दशकात गव्हर्नरने मुक्काम मलबार हिलला हलवला. परळच्या त्या वाड्यात पुढे प्लेगच्या लशीचं काम सुरू झालं. आजची हाफकिन संस्था तीच. म्हणजे ज्या परळला राहणं एकेकाळी दर्जाचं लक्षण होतं, ते एका पिढीत ‘गिरणगाव’ झालं. शंभर वर्षांनी गिरण्या बंद पडल्या, काचेच्या इमारती आल्या आणि परळचा भाव पुन्हा वधारला. परळ बिचारं जागचं हललंही नाही.

दादर-माटुंग्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, सायन या भागांत रुंद रस्ते आखून प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी या त्यातूनच उभ्या राहिल्या. कारकून, शिक्षक, वकील अशी नोकरदार मंडळी दाट वस्तीतून उठून स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या ब्लॉकमध्ये राहायला आली. तेव्हा या भागाचा उल्लेख उपनगर म्हणूनच व्हायचा. आज दादरकर ज्या सुरात ‘तुमच्या डोंबिवलीला’ म्हणतो, त्या सुरात ‘तुमच्या दादरला’ म्हणणारं गिरगाव होतं. दादर पुढे शहरात मोडू लागलं, कारण त्याच्या पुढे आणखी उपनगरं झाली.

मग पार्लं. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ, १९२९ साली गोळ्यांचा, आणि पुढे बिस्किटांचाही, कारखाना. शाळा, सभागृह आणि कारखान्याचा खमंग वास एवढ्या भांडवलावर पार्लेकरांनी जो आत्मविश्वास उभा केला, त्याला माझा सलाम आहे. त्या वेळी पार्लं मुंबई महापालिकेत नव्हतंच. साष्टीचा हा भाग ठाणे जिल्ह्यातून काढून १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा केला गेला, पण पालिका वेगळ्या राहिल्या. १९५० साली महापालिकेची हद्द पहिल्यांदा उत्तरेला सरकली, १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. तिथे थांबली ती आजपर्यंत.

आता या रेषेने काय केलं ते पाहा. मुलुंड स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ३१ किलोमीटरवर, ठाणे ३४ वर. मधलं अंतर तीन किलोमीटर. पण मुलुंडला मुंबईचा पिनकोड, मुंबई महापालिकेचं पाणी आणि मुंबईचा मतदार. ठाण्याच्या गाडीवर एमएच-०४. ठाणेकराने गाडी काढून मुंबईत शिरायचं तर नाक्यावर टोल. हलक्या वाहनांचा हा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, तोवर ठाण्याहून येणाऱ्याला मुंबईने वर्षानुवर्षं अक्षरशः प्रवेशमूल्य लावलं. तोरा माणसाच्या मनात असतो असं आपण समजतो. तो पिनकोडात, नंबरप्लेटवर आणि टोलच्या पावतीवरही असतो, आणि तिथून मनात उतरायला वेळ लागत नाही.

पाण्याचा हिशेब तर याहून विचित्र. मुंबई पिते ते बहुतेक पाणी तानसा, भातसा, वैतरणा या खोऱ्यांतून येतं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं आहे. ही धरणं आहेत मुख्यतः शहापूर आणि आसपासच्या तालुक्यांत. जलवाहिन्या ठाणे ओलांडून मुंबईत येतात. ज्या शहापूर तालुक्याच्या पोटात ही धरणं आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘मुंबईबाहेर पाण्याचे हाल असतात बाई’ असं म्हणत मुलुंडची सोसायटी ठाण्याला जाणं टाळते, तेव्हा तिच्या नळाचं पाणी कुठल्या गावावरून आलं हे कुणी विचारत नाही. लोकलमधली थट्टा मला चालते. हे मात्र थट्टेत जमा करता येत नाही.

ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, ती गावं वयाने मुंबईहून कितीतरी थोर आहेत. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक; अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे १८८२ साली सापडला. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद कान्हेरीच्या लेण्यांत आहे. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १८५३ साली बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, आणि मुंबईचं, ज्याच्या शाखांचा दादरकराला अभिमान, ते १८९८ चं. ठाणेकर ही वर्षं पाठ ठेवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याला सतत ‘बाहेरचा’ म्हटलं जातं त्याला सनावळ्या पाठ कराव्याच लागतात.

डब्यातलं भांडण मात्र वेगळ्या जातीचं आहे. विरार फास्टमध्ये बोरिवलीचा माणूस चढला तर त्याला उतरू देत नाहीत, अंधेरीचा चढला तर त्याची शोभा होते, ही ख्याती मुंबईभर आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा विरारकरांचा उद्धटपणा वाटतो. पण चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर आहे. बोरिवलीपर्यंतच्या माणसाला मागून दुसऱ्या गाड्या आहेत, विरारच्या माणसाला तीच. बोरिवली-विरार पट्ट्यात चार रूळ व्हायला २००७ साल उजाडलं. तोवर दोन रुळांवर लोकल, मेल, मालगाड्या सगळं चालायचं, आणि वस्ती तर त्याआधीच फुगली होती. ठाणे-दिवा पट्ट्यातले पाचवा-सहावा मार्ग २०२२ साली पूर्ण झाले. म्हणजे आधी घरं, मग दोन दशकांनी रूळ. त्या वीस वर्षांत जागा मिळवण्यासाठी उलट्या दिशेने ‘डाऊन’ मारून येणारा माणूस दोन स्टेशनं आधी उतरणाऱ्यावर खेकसणारच.

हे झालं खालून वर. वरून खाली पाहण्यात सर्वांत मोठा वाटा सरकारचा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडलं की मुंबई नुसती उत्तरेला लांबवू नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा, आणि राज्य सरकारने आपली कचेरी तिकडे नेऊन सुरुवात करावी. त्यासाठी १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झालं. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. मंत्रालय हललं नाही. त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टॉवर उभे राहत होते. वाशीला लोकल पोचली १९९२ साली. जे सरकार स्वतः खाडी ओलांडत नाही, त्याने कारकुनाला ‘जा, नव्या मुंबईत घर घे’ म्हणायचं, आणि मग मुंबईच्या लोकांना वाशी लांब का वाटते याचं नवल करायचं!

आकड्यांनी हा तोरा केव्हाच निकालात काढला आहे. १९७१ च्या जनगणनेत बेटावरची वस्ती उपनगरांहून जराशी जास्त होती; १९८१ मध्ये पारडं फिरलं. २०११ साली मुंबई शहर जिल्ह्यात ३० लाख ८५ हजार माणसं होती, उपनगर जिल्ह्यात ९३ लाख ५६ हजार. आमदार शहरातून १०, उपनगरांतून २६. हिऱ्यांचा बाजार ऑपेरा हाऊसहून २०१० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, राष्ट्रीय शेअर बाजारही तिथेच. आता कुलाब्याचा माणूस सकाळी उत्तरेकडे कामाला निघतो. तरीही ‘टाऊनला जातो’ म्हणताना बोरिवलीकराचा कपडा जरा बरा असतो.

बिल्डरांना हे सगळं आपल्याआधी कळलं. वडाळ्याच्या टॉवरला त्यांनी ‘न्यू कफ परेड’ केलं, भिवंडीजवळच्या नाशिक महामार्गावर ‘अप्पर ठाणे’ वसवलं. घर विकत घेणारा पत्ता आधी घेतो, भिंती नंतर. लग्नाच्या बाजारातही ‘मुंबईत स्वतःचा फ्लॅट’ या ओळीत मुंबई कुठवर ताणली आहे, हे मुलीकडची मंडळी पहिल्याच फोनवर विचारून घेतात.

उलट बाजूने पाहिलं तर डोंबिवलीने १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा काढली आणि ती प्रथा पुढे गिरगावसकट सगळ्या मुंबईने उचलली. डोंबिवलीकर हे सांगायचं सोडत नाही, आणि का सोडावं? पण मला जास्त कुतूहल आहे ते वसईच्या गावांचं. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी ‘आम्हाला शहरात घेऊ नका’ म्हणून मोर्चे काढले. २९ गावं वगळायचा प्रश्न सरकार आणि कोर्ट यांच्यात वर्षानुवर्षं लोंबकळला. केळीच्या बागा, विहिरी, आपली ग्रामपंचायत आणि आपली बोली एवढं त्यांना पुरेसं होतं. सगळी मुंबई ज्या शिडीवर एक पायरी वर चढायला धडपडते, त्या शिडीला त्यांनी हातच लावायला नकार दिला होता.

पुढच्या आठवड्यात घाट चढून पुण्याला जाऊ. पेठा, कोथरूड आणि पिंपरी-चिंचवड यांचं प्रकरण रुळांचं नाही. तिथे कारखान्याचा भोंगा आणि दुपारची झोप यांचा झगडा आहे.