राज्यकारभाराची शाळा

खेड्यातील मुलगी राजघराण्यात जावयाची असेल, तर तिला शिकवावे काय? शॅनन हेल या अमेरिकन लेखिकेच्या ‘प्रिन्सेस अकॅडमी’ या २००५ सालच्या अद्भुतरम्य कादंबरीत हाच प्रश्न आहे. युवराजाची वधू डोंगरातील दगडखाणीच्या एका गावातून निवडली जाईल असे भाकीत होते, आणि तेथील मुलींसाठी पाठशाळा उघडते. चालावे कसे, बोलावे कसे, याचे पाठ तेथे असतातच. परंतु मिरी नावाच्या मुलीच्या खरे उपयोगी पडते ते वाचन. व्यापारावरील पुस्तक वाचून तिला उमगते की, आपला दगड व्यापारी कवडीमोलाने नेत आहेत. मग सारा गाव रास्त भाव मागावयास शिकतो. युवराज मिरीची निवड करीत नाही, ही गोष्ट वेगळी!

महाराष्ट्रात अशी पाठशाळा निघाली नाही. तथापि अशी विद्यार्थिनी निपजली. चौंडी येथील माणकोजी शिंदे पाटील यांची कन्या अहिल्या, जन्म १७२५ चा, १७३३ साली होळकरांची सून झाली. सासरे मल्हारराव हे स्वतःच्या पराक्रमावर सुभेदारीस चढलेले. दरबारी डौलाचे त्यांना कौतुक कमी. ते स्वारीवर असत, तेव्हा वसुलाचा हिशेब, रसदेची रवानगी, पत्रव्यवहार ही कामे सुनेकडे येऊ लागली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या असता मल्हाररावांनीच त्यांना परावृत्त केले. पुढे १७६५ सालच्या पत्रात तेच सासरे सुनेस चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीकडे जाण्याची, तोफखाना व दारूगोळ्याची तजवीज ठेवण्याची आज्ञा करितात. हातात शिवपिंड घेतलेली अहिल्याबाईंची तसबीर घरोघर परिचित आहे. ते पत्र मात्र शाळेच्या धड्यात क्वचितच शिरते, आणि मुलींच्या वर्गात तर तेच आधी वाचून दाखविले पाहिजे.

या शिक्षणाची रीत वर्धेकरांस अनोळखी वाटू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तीतील विचारांस योजनेचे रूप दिले. मातृभाषेतून शिकावे आणि हाताला काही उत्पादक काम असावे, हे तिचे मर्म. सूत कातता कातता गणित शिकावयाचे! वसुलाच्या वह्यांवरून राज्य शिकणे हा त्याच जातीचा प्रकार. फरक इतकाच की, होळकरांच्या घरी चूक झाली असती, तर तिची किंमत फौजेने मोजली असती.

परीक्षा लवकरच आली. १७६६ साली मल्हारराव वारले, १७६७ साली पुत्र मालेराव गेले. राघोबादादांचा डोळा दौलतीवर होता. परंतु थोरल्या माधवराव पेशव्यांनी कारभार बाईंकडेच ठेवण्यास संमती दिली. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे गेले. तेथून १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे, नर्मदाकाठच्या महेश्वरातून दौलतीचा कारभार चालला. काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनी देवळे बांधिली हे सर्वश्रुत आहे. महेश्वरात त्यांनी विणकामासही आश्रय दिला, आणि तेथील माग अद्याप चालू आहेत.